दोन हॉर्न, एक शीळ

सगुण मळीक पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा मी डिचोलीच्या दवाखान्यामागच्या खोड्यात एका म्हशीची गर्भतपासणी करत होते. डावा हात खांद्यापर्यंत कामात, नाकावर मास्क, आणि म्हैस लाथ मारायच्या तयारीत. अशा वेळी कुणी येऊन उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. हा येऊन उभा राहिला. उंच, वाकलेला, पन्नाशी उलटलेला माणूस, आणि हातात बायकोच्या जुन्या साडीनं झाकलेला पिंजरा.

"दोतोरबाय, हाका मातसो पळयात. घाय ना."

साडी बाजूला केली तर आत राखाडी रंगाचा, शेंदरी शेपटीचा आफ्रिकन पोपट. तो पक्षी मी पुस्तकात पाहिला होता, तोही परीक्षेपुरता. त्याच्या छातीवर एकही पीस नव्हतं. सोललेल्या कोंबडीसारखी गुलाबी कातडी, आणि तिच्यावर दोन ठिकाणी रक्त सुकलेलं. डोक्यावरची पिसं मात्र शाबूत होती, कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही.

"हांव गोरवांची दोतोर," मी म्हटलं. "पोपटाचें माका कांय कळना. पणजेक व्हर हाका."

"व्हय, व्हय," तो म्हणाला, आणि शांतपणे बाकावर जाऊन बसला.

मला वाटलं, माणूस हट्टी दिसतोय. म्हशीचं आटोपून हात धुऊन आले तरी तो तिथेच. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा आवाज चढवून. त्यानं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "मास्क मातशें काडशात, दोतोरबाय? तोंड दिसना तुमचें."

करोनाचे दिवस नुकते कुठे मागे पडत होते. मी त्याला चांगलंच झापलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

झापलं तरी पक्षी तपासलाच. त्या पिंजऱ्यातून एक काळाभोर डोळा माझ्याकडे असा बघत होता की त्याला परत पाठवणं मला जमलं नाही. त्याचं नाव बाबल. वय वीसच्या आसपास. खाणीवर पूर्वी एक साहेब होते, त्यांच्या बंगल्यात तो होता. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी तो आपल्या ट्रकवाल्याला, म्हणजे सगुणला, देऊन टाकला. विदेशी पक्ष्यांची सरकारदरबारी नोंद करा असं मध्यंतरी निघालं होतं. सगुणनं ती केली होती आणि तो कागद लॅमिनेट करून पिंजऱ्यालाच बांधला होता. कोणी विचारायच्या आधीच तो दाखवायचा.

"खायला काय देतोस?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मास्क मी खाली ओढला आणि पुन्हा विचारलं. तेव्हा कळलं की बाबल सकाळी च्यात बुडवलेला उंडो, म्हणजे पाव, खातो, दुपारी सूर्यफुलाच्या बिया, आणि संध्याकाळी घरात जे असेल ते, फरसाणासकट. संध्याकाळी डास येतात म्हणून पिंजऱ्याखाली अगरबत्ती जळायची, डासांची. पक्ष्याच्या फुफ्फुसाला तो धूर किती वाईट, हे मला तरी कुठे नीट माहीत होतं? पुण्याला माझी वर्गमैत्रीण शीतल पक्ष्यांवरच उपचार करते. तिला तिथल्या तिथे फोन लावला. तिनं अर्धा तास मला फैलावर घेतलं, जणू उंडो मीच चारत होते.

मग मी सगुणला सगळं सांगितलं. बिया बंद, फक्त बक्षीस म्हणून चार. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, मिरची, उकडलेल्या अंड्याचा तुकडा. कॅल्शियमचे थेंब. धूर नको. रोज अंगावर पाण्याचा बारीक फवारा. चोचीला काम म्हणून नारळाच्या सालीची सोडणं आणि पेरवाची फांदी. सूर्य मावळला की पिंजरा झाकायचा, बारा तास झोप. तो प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होता.

आठ दिवसांनी आला तर त्यानं निम्मंच केलेलं. फवारा ठीक, पपई ठीक, पण बिया चालूच आणि अगरबत्तीही चालूच. मी इतकी तापले की चिठ्ठीच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत सगळं लिहून दिलं आणि टेबलावर आपटलं. त्यानं ती चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, घडी करून खिशात ठेवली. त्या दिवसापासून एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. पाल्याची जुडी रोज ताजी. दर सोमवारी पोसऱ्यावर, म्हणजे वाड्यावरच्या दुकानात, तराजूत बाबलला बसवून वजन करायचा, आणि पोसरेकाराकडून ते माझ्या फोनवर पाठवून द्यायचा. तीनशे ऐंशी ग्रॅम. तीनशे नव्वद. मला वाटलं, सरकारी कागदाचा मान ठेवणारा माणूस आहे. लिहिलेलं पाळतो, बोललेलं विसरतो. असेही असतात.

वजन वाढलं. रक्त तपासलं, तेही सुधारलं. पण पिसं काही थांबेनात. कोवळं पीस जरा वर आलं की बाबल ते उपटून टाकायचा. फोनवर शीतल म्हणाली, "शरीरात आता काही नाही. मनात काय आहे ते बघ. हे पक्षी थव्यात एकमेकांना सतत हाका घालतात. त्याच्या घरात जाऊन बस." मी म्हटलं, मी गुरांची डॉक्टर. ती म्हणाली, "बस जाऊन."

सगुणचं घर डिचोलीहून सर्वणला जायच्या रस्त्याला, अगदी वळणावर. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला त्या वाड्यावर जायचं होतंच, म्हणून एका शनिवारी सकाळीच गेले.

त्या रस्त्याशी माझं जुनं वैर. मी नोकरीला लागले तेव्हा तिथून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे, एकामागोमाग एक. झाडांची पानं तांबडी, गुरांच्या पाठी तांबड्या, वाळत घातलेलं पातळ तांबडं. खोकणाऱ्या गाई मी किती तपासल्या त्याला गणती नाही. खाणवाल्यांना मी तेव्हा मनसोक्त शिव्या घातल्या आहेत आणि त्यातली एकही मागे घेत नाही. पण २०१८ साली खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या आणि ते आवाज गेले. बाराचा भोंगा गेला. त्यानंतर त्या रस्त्यानं जाताना मला चुकल्यासारखं वाटायला लागलं, हेही खरं. ज्याला तरुणपणी शिव्या घातल्या त्याचीच आठवण यावी, याचा मला राग येतो. पण येते.

सगुणची बायको विमला ओसरीवर तांदूळ निवडत होती. सगुण अंगणाच्या टोकाला, माडाखाली, आमच्याकडे पाठ करून नारळ सोलत बसला होता. बाबलचा पिंजरा ओसरीच्या खांबाला टांगलेला.

"विमल, च्या!" बाबल ओरडला.

"पळयलें? घोव एक आणि हुकूम सोडपी दोग," विमला म्हणाली आणि खरंच उठून चहा ठेवायला गेली.

चहा येईपर्यंत मी शीतलच्या आज्ञेप्रमाणे नुसती बसून राहिले. बाबलनं मान कलती केली, अंगणाकडे पाहिलं आणि दोनदा हॉर्न वाजवला. ट्रकचा हॉर्न. पहिला आखूड, दुसरा लांब. मी दचकून रस्त्याकडे बघितलं, इतका हुबेहूब. मग तो थांबला, मान तशीच कलती ठेवून. थोड्या वेळानं त्यानं बारीक, वर चढत जाणारी एक शीळ घातली. आणि लगेच छातीत चोच खुपसून एक पीस उपटलं.

पुन्हा दोन हॉर्न. पुन्हा ते थांबणं. पुन्हा शीळ. पुन्हा पीस.

विमला चहा घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "हुशार आसा गे हो. हॉर्नय मारता, शीळय घालता."

"शीळ ताची न्हय, दोतोरबाय," ती म्हणाली. "शीळ ह्यांची."

मग तिनं सांगितलं. सगुण खाणीवर ट्रक चालवायचा तेव्हा या वळणावर आला की दोन हॉर्न द्यायचा. एक आखूड, एक लांब. पाठोपाठ शंभर ट्रक जायचे, पण हा आपला, हे तिला त्यावरून कळायचं. फेरी संपली, पेज वाढायला घे, असा त्याचा अर्थ. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकवाल्याची घरापुरती अशी एकेक खूण होती आणि प्रत्येक बायकोला आपली तेवढी पाठ होती. बाबल आला आणि त्यानं महिन्याभरात ते हॉर्न उचलले. सगुण घरात असला की बाबल हॉर्न द्यायचा, आणि सगुण जिथे असेल तिथून, गोठ्यातून, विहिरीवरून, न्हाणीतून, एक शीळ घालायचा. म्हणजे, आहे रे बाबा, इथेच आहे. दिवसातून पन्नास वेळा. खाण बंद झाली, ट्रक मालकानं विकून टाकला, तरी हे चालूच होतं.

"आणि आता?"

"आतां ते घालनात. दोन-तीन वर्सां जालीं."

"का गे?"

"हांव किदें सांगूं? माकाय ओ म्हणनात. हांव रांदपाकडसून साद घालतां, हे ओसरीर बसून हांसतात." ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "तीस वर्सां जालीं लग्नाक. खंयचो घोव बायलेचें आयकता?"

मी हसले. आणि हसता हसता मला दवाखान्यातला तो पहिला दिवस आठवला. मास्क मातशें काडशात, तोंड दिसना तुमचें.

ओसरीवर स्टीलचं घमेलं पडलं होतं. ते मी उचललं, अंगणात सगुणच्या मागे चार पावलांवर जाऊन उभी राहिले, आणि दगडावर आपटलं. शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. कुत्रा भुंकत उठला. बाबल किंचाळला. सगुणनं हातातला नारळ कोयत्यावरून काढला आणि दुसरा घेतला.

मी त्याच्या समोर जाऊन बसले. काय झालं ते माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं. त्यानं पहिल्यांदा ओसरीकडे पाहिलं, विमलाला ऐकू जात नाही ना, ते बघायला. बिचारा! ऐकू येणं न येणं याचाच त्याला एवढा धाक.

"कोणाक सांगूं नाकात, दोतोरबाय," तो म्हणाला.

चोवीस वर्षं त्यानं डिझेलच्या इंजिनाशेजारी बसून काढली. गाडी भरायची वाट बघायची तीही दगड फोडणाऱ्या क्रशरच्या बाजूला. पहिल्यांदा बारीक आवाज गेले, मग विमलाचा गेला, मग बाकीचे. जवळ बसलेल्या माणसाचं तोंड बघून तो अंदाज करायचा आणि व्हय, व्हय म्हणायचा. वाड्यावर त्याची ख्याती मोठी, सगुण कुणाला नाही म्हणत नाही म्हणून.

आणि हे लपवायचं कारण? खाणी पुन्हा सुरू होणार, असं त्या वर्षी जो तो बोलत होता. पडून असलेला माल उचलायला आधी ट्रक लागणार होते. अनंतशेट म्हणून ट्रकमालक, त्यांनी जुने चालक पुन्हा घ्यायचं ठरवलं होतं आणि सगुणचं नाव यादीत पहिलं होतं. पुढच्या महिन्यात चालकांची वैद्यकीय तपासणी. डोळ्यांची आणि कानांची.

"कानाक मशीन लायलें जाल्यार अनंतशेट माका गाडी दिवचो ना," सगुण म्हणाला. "चोवीस वर्सां गाडी मारली हांवें. एक कोंबडी सुद्दां चाकाबुडी येवंक ना. हांव ट्रकार बसल्यार कोण तरी आसां. हांगा नाल्ल सोलपी कोणय मेळटा."

मला तोडून बोलायचं होतं. ऐकू न येणारा माणूस दहा टन माल घेऊन या वळणावरून जाणार, आणि ते मी गुपित ठेवायचं? तपासणीत तू काय करणार होतास, असं मी विचारलं. तर म्हणाला, तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघेन. एवढीच त्याची योजना. दोन-तीन वर्षं तो तोंडाकडे बघण्यावरच जगत होता.

मी एवढंच केलं. त्याला हाताला धरून ओसरीवर आणलं, पिंजऱ्यासमोर खुर्चीवर बसवलं. बाबलनं हॉर्न दिले की मी बोटं वर करायची. दोन बोटं. मग थांबून, शीळ आली की एक बोट. आणि पीस उपटलेलं तर त्याला दिसतच होतं. असं चारदा झालं.

"हें किदें?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "तो तुका साद घालता. तूं ओ दिनाय. मागीर तो पाख उपटता."

एक बोट कशाचं, हे मात्र मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, मला माहीत नाही. ते सांगायची माझी छाती झाली नाही, एवढंच.

विमलाच्या हातातलं सूप खाली आलं होतं. तीन वर्षं हा माणूस आपल्याला मुद्दाम ओ देत नाही असं समजून ती त्याला टोमणे मारत होती, आणि त्यातला एकही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. ती उठून आत गेली. आत भांडी उगाचच वाजत होती. आम्हाला तिचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून. त्याला ते आलंच नाही.

पुढचे पंधरा दिवस सगुण आला नाही. सोमवारचं वजनही आलं नाही. मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. अनंतशेटना मीच फोन करायचा का, हा विचार रोज सकाळी करायचे आणि रोज पुढे ढकलायचे. मग एक दिवस तो आला, पिंजऱ्याशिवाय. माझ्यासमोर बसला. मास्क मी त्याला बघताच काढला.

"मशीन लायल्यार," तो म्हणाला, "बाबल किदें म्हणटा तें माका आयकूंक येतलें?"

"येतलें म्हणून दिसता."

"सगळें?"

"बरेचशें."

त्यानं मान हलवली. "काल हांव अनंतशेटीगेर गेल्लों. नांव काडूंक सांगलें."

एवढंच बोलला. खिशातून माझीच ती चिठ्ठी काढली, पाठीमागच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, पणजीला कानाच्या डॉक्टरकडे कसं जायचं ते इथे लिहा. मी लिहिलं. बसचा थांबासुद्धा लिहिला.

मशीन मिळायला दीड महिना गेला. तोवर पडून असलेला माल उचलणं सुरू झालं होतं आणि त्या रस्त्यानं पुन्हा थोडेफार ट्रक जायला लागले होते, दुसऱ्यांच्या हातचे. मशीन बसवून सगुण पणजीहून परत आला त्या दुपारी मीही गेले. लस टोचायची होती, असं मी विमलाला सांगितलं. तिनं कोणत्या गुराला असं विचारलं नाही.

तो बसमधून उतरून चालत आला. दोन्ही कानांमागे मशीन. चेहरा ओढलेला, कारण जगातला प्रत्येक आवाज एकाच वेळी त्याच्या अंगावर आला होता. चपलेखालच्या खडीनं तो दचकत होता. विमला पायरीवर उभी होती. ती अगदी हळू, रोज बोलते त्याहूनही हळू म्हणाली, "जेवलात?"

"ना," सगुण म्हणाला.

तीन वर्षांत त्यानं तिला दिलेलं हे पहिलं धड उत्तर.

बाबलनं त्याला पाहिलं. दांडीवर दोन पावलं सरकला, मान कलती केली, आणि हॉर्न दिले. एक आखूड, एक लांब.

सगुणनं शीळ घालायला ओठ जुळवले. पण नुसती हवा बाहेर आली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

बाबल थांबला होता, नेहमीसारखा. मग नेहमीसारखीच त्यानं शीळ घातली.

सगुणचे ओठ तसेच राहिले. तो पिंजऱ्याच्या अगदी जवळ गेला.

"ही मजी शीळ," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "दोतोरबाय, ही मजी शीळ न्हय? मज्या वाट्याची शीळ हो घालता?"

"व्हय," मी म्हटलं.

"कितलीं वर्सां?"

मी तीन बोटं वर केली. त्याला आता ऐकू येत होतं, म्हणून तोंडानं सांगवलं नाही.

बाबलची चोच छातीकडे वळली. तेवढ्यात सगुणनं शीळ घातली. वाकडी, फाटकी, पण बारीक आणि वर चढत जाणारी. बाबलची चोच तिथेच थांबली. त्यानं मान वर केली आणि एका डोळ्यानं सगुणकडे बघितलं, बराच वेळ. मग पुन्हा दोन हॉर्न. सगुणची शीळ. पुन्हा हॉर्न, पुन्हा शीळ. विमला पेज वाढायला आत गेली. पेज निवून गेली, तरी हे दोघे थांबले नाहीत.

मी आता निवृत्त होऊन हळर्णला, माझ्या गावी, घरी आले आहे. सगुण महिन्यातून एकदा फोन करतो, स्वतःच्या कानाला लावून. बाबलच्या छातीवर राखाडी लव आली, मधला एक रुपयाएवढा भाग मात्र उघडाच राहिला, तिथे पीस आता यायचं नाही. रस्त्यानं ट्रक जातात तेव्हा सगुण ओसरीवर येऊन उभा राहतो, असं विमला सांगते. बोलता बोलता मागून ते दोन हॉर्न ऐकू येतात, सगुण माझं वाक्य अर्ध्यावर तोडून शीळ घालतो, मग म्हणतो, "व्हय, दोतोरबाय, सांगात."

बाबल हॉर्न रोज देतो. शीळ त्यानं त्या दुपारनंतर कधी घातली नाही.